भेगेतून जाणारे पाणी मोजताना : बर्कलीतील ग्रॅनाइटच्या प्रयोगांचा प्रकरण अभ्यास

ग्रॅनाइटचा अखंड, भेग नसलेला तुकडा पाण्याला जवळजवळ वाटच देत नाही. ब्रेस, वॉल्श आणि फ्रँगोस यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतील वेस्टर्ली ग्रॅनाइटवर केलेल्या मापनात १०० बार परिणामी दाबाखाली, म्हणजे बाहेरच्या दाबातून खडकातील द्रवाचा दाब वजा केल्यावर उरणाऱ्या दाबाखाली, त्याची पारगम्यता (द्रवाला आरपार जाऊ देण्याची क्षमता) ३५० नॅनोडार्सी भरली आणि दाब ४००० बारपर्यंत वाढवल्यावर ती ४ नॅनोडार्सीपर्यंत खाली आली. डार्सी हे पारगम्यतेचे एकक आहे आणि नॅनोडार्सी म्हणजे त्याचा अब्जावा भाग. आता याच खडकाचा ५ सेंटिमीटर व्यासाचा गाभा-नमुना, म्हणजे खडकातून कापून काढलेला दंडगोल, घ्यावा आणि त्याच्या मधोमध, अक्षाच्या दिशेने, फक्त ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीची एक भेग आहे असे धरून हिशेब करावा. त्या भेगेची स्वतःची पारगम्यता रुंदीच्या वर्गाला १२ ने भागून मिळते आणि ती सुमारे १.३ डार्सी येते. नमुन्याच्या पूर्ण छेदावर ती वाटून टाकली, तरी नमुन्याची एकूण पारगम्यता १०० बार दाबाखालील अखंड ग्रॅनाइटच्या सुमारे चारशे पट होते. छेदाच्या क्षेत्रफळाचा दहा हजारावा भाग व्यापणारी ही फट बाकीच्या सगळ्या दगडाला हिशेबातून बाद करते. म्हणून भेगाळलेल्या खडकाची पारगम्यता मोजणे म्हणजे प्रत्यक्षात भेगेची रुंदी, तिच्यावरचा दाब आणि तिच्यातून जाणारे पाणी या तिघांचे नाते मोजणे होय. या अभ्यासासाठी निवडलेले प्रकरण याच नात्याचे आहे.

१९७० च्या दशकात अणुभट्ट्यांतील किरणोत्सारी कचरा खोल खडकात पुरण्याचा विचार अमेरिका आणि स्वीडन या देशांत गंभीरपणे सुरू झाला. हजारो वर्षे टिकणाऱ्या या धोक्याला पृष्ठभागापर्यंत आणू शकेल असे वाहन एकच होते, ते म्हणजे भूजल, आणि ग्रॅनाइटमध्ये भूजलाचा मार्ग म्हणजे भेगा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत पॉल विदरस्पून यांच्या मार्गदर्शनाखाली इवाई यांनी एका भेगेतील प्रवाहावर प्रयोग केले आणि १९७६ मध्ये त्यावरचा प्रबंध पूर्ण केला. पुढच्याच वर्षी मध्य स्वीडनमधील स्ट्रिपा येथे, लोहखनिजाचे उत्खनन नुकतेच थांबलेल्या खाणीत, खनिजाच्या शेजारच्या ग्रॅनाइटमध्ये स्वीडन आणि अमेरिका यांचा संयुक्त प्रकल्प सुरू झाला. इवाई यांच्या मापनांवर आधारलेला, विदरस्पून, वांग, इवाई आणि गेल यांचा निबंध १९८० मध्ये प्रसिद्ध झाला आणि भेगांतील प्रवाहावर लिहिणारे आजही त्याचा आधार घेतात.

प्रश्न नेमका काय होता

दोन गुळगुळीत, समांतर पाट्यांमधील अरुंद जागेतून संथ, थराथराने वाहणाऱ्या द्रवाचे गणित बुसिनेस्क यांनी १८६८ मध्येच मांडले होते. दाबातील फरक तोच ठेवला तर प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून या संबंधाला घन-नियम म्हणतात. रुंदी निम्मी झाली की प्रवाह एक अष्टमांश होतो. लोमिझे यांनी १९५१ मध्ये आणि त्यांच्यानंतर इतरांनी कृत्रिम पाट्यांवर हा नियम तपासला होता, आणि ०.२ मायक्रॉनइतक्या सूक्ष्म फटीपर्यंत तो खरा ठरला होता.

परंतु खडकातील भेग ही समांतर पाट्यांची जोडी नसते. तिच्या दोन्ही कडा खडबडीत असतात, आणि जमिनीखाली वरच्या खडकाचे वजन तिला मिटवू पाहत असल्यामुळे दोन्ही कडांचे उंचवटे जागोजागी एकमेकांना टेकलेले असतात. पाणी या टेकलेल्या जागांना वळसे घालत जाते. अशा, अंगाला अंग लागलेल्या आणि दाबाखाली आणखी मिटत जाणाऱ्या भेगेत घन-नियम टिकतो का, हा बर्कलीच्या प्रयोगांचा प्रश्न होता. तो टिकत असेल तर भेगेची रुंदी कळल्यावर प्रवाह सांगता येईल आणि प्रवाहावरून रुंदीही काढता येईल. तो टिकत नसेल, तर प्रत्येक भेगेसाठी स्वतंत्र अनुभवजन्य सूत्र शोधावे लागेल.

मांडणी

नमुने तीन खडकांचे होते : ग्रॅनाइट, बेसाल्ट आणि संगमरवर. खडक एकजिनसी निवडले होते आणि भेगा नैसर्गिक नव्हत्या. अखंड नमुना ताणाखाली फोडून त्यात मुद्दाम भेग पाडली होती. या निवडीमागे चांगले कारण होते. नैसर्गिक भेगेत कॅल्साइट, क्लोराइट, माती असे काहीबाही भरलेले असते, तिच्या कडा पूर्वी कधी सरकलेल्या असतात, आणि मग प्रवाहातील फरक कशामुळे आला हे वेगळे करता येत नाही. ताज्या ताण-भेगेत निदान सुरुवात तरी स्वच्छ असते. प्रवाह दोन प्रकारांनी सोडला होता. काही चाचण्यांत तो भेगेच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ जात असे, तर काहींत मध्यभागी पाडलेल्या छिद्रातून चहूबाजूंना पसरत असे. भेगेला लंब दिशेने २० मेगापास्कलपर्यंत (एक मेगापास्कल म्हणजे १० बार) दाब देता येत होता. तपासलेल्या भेगांची रुंदी २५० मायक्रॉनपासून ४ मायक्रॉनपर्यंत होती, आणि २० मेगापास्कल दाबाखाली गाठता आलेली किमान रुंदी हीच ४ मायक्रॉनची होती.

हे आकडे वाचायला सोपे वाटतात, पण मापनाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय होतो ते पाहणे आवश्यक आहे. २५० आणि ४ यांचे गुणोत्तर ६२.५ आहे आणि त्याचा घन सुमारे २ लाख ४४ हजार. म्हणजे एकाच प्रयोगमालिकेत प्रवाह जवळजवळ अडीच लाख पटींनी बदलतो. उदाहरणादाखल १२ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर लांब भेग घ्यावी आणि तिच्या दोन टोकांत पाण्याच्या १ मीटर उंचीइतका दाबातील फरक ठेवावा. २५० मायक्रॉनला तिच्यातून सेकंदाला साडेसात मिलिलिटरच्या वर पाणी येईल, तर ४ मायक्रॉनला तासाला जेमतेम ०.११ मिलिलिटर. पहिल्या टोकाला पाण्याचा वेग इतका होतो की जडत्वाचा परिणाम डोके वर काढू लागतो. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे जडत्व आणि द्रवाचा चिकटपणा यांच्या प्रभावांचे गुणोत्तर, साठच्या पुढे जातो, त्यामुळे दाबातील फरक कमी करावा लागतो, नाहीतर मोजलेला प्रवाह घन-नियमाची परीक्षाच करत नाही. दुसऱ्या टोकाला प्रवाह इतका मंद होतो की उघड्या भांड्यात थेंब गोळा केले तर बाष्पीभवनच मापनाइतके मोठे होऊ शकते. एकच मोजपात्र या दोन्ही टोकांना पुरे पडत नाही.

पाण्याची स्थितीही इथे महत्त्वाची ठरते. पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा अंतर्गत विरोध, २० अंश सेल्सियसला १.००२ मिलिपास्कल-सेकंद असते आणि ३० अंशांना ती सुमारे ०.८० होते, म्हणजे दर अंशाला साधारण दोन टक्क्यांचा फरक पडतो. प्रयोगशाळेची खोली दुपारी तापली आणि त्याची नोंद झाली नाही, तर भेग रुंदावली असा भास होतो. पाण्यात विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने भेगेत अडकते आणि गाळले न गेलेले कण अरुंद जागी बसतात. दोन्हींमुळे प्रवाह हळूहळू घटत जातो आणि तो दाबाखाली भेग मिटत असल्यासारखा दिसतो. नमुन्याच्या बाजूने, रबरी आवरण आणि दगड यांच्यामधून, पाणी निसटले तर उलट चूक होते. म्हणून आवरणावरचा बाहेरचा दाब आतल्या पाण्याच्या दाबापेक्षा नेहमी पुरेसा जास्त ठेवावा लागतो.

माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत अवघड मापन प्रवाहाचे नसून रुंदीचे आहे. भेगेच्या वर आणि खाली विस्थापन-मापक बसवून दाब वाढवला, की ते एकूण आखडणे दाखवतात. त्यात भेगेचे मिटणे असते आणि दोन मापक-बिंदूंमधल्या अखंड दगडाचे दबणेही असते. ग्रॅनाइटचा स्थितिस्थापकता-गुणांक, म्हणजे त्याच्या ताठरपणाचे माप, ५० गिगापास्कल धरला आणि मापक-बिंदूंमध्ये १० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर २० मेगापास्कल दाबाखाली दगडच ४० मायक्रॉन दबतो. ज्या भेगेची उरलेली रुंदी ४ मायक्रॉन आहे, तिच्या मापनातून ४० मायक्रॉन वजा करायचे आहेत, आणि त्या वजाबाकीत दहा टक्क्यांची चूक झाली तर ती भेगेच्या रुंदीइतकीच असते. अशी मापने करताना भेग नसलेला, तसाच नमुना त्याच यंत्रात दाबून त्याचे आखडणे स्वतंत्रपणे मोजावे लागते. ही पायरी वेळखाऊ वाटते, तरी ती गाळता येत नाही.

निष्कर्ष आणि त्याचा पाया

या प्रयोगांतून निघालेला निष्कर्ष स्पष्ट होता. भेगेच्या कडा एकमेकींपासून दूर असोत किंवा दाबाखाली मिटत असोत, घन-नियम लागू पडतो, आणि तो खडकाच्या प्रकारावर अवलंबून नाही. दाब चढवताना आणि उतरवताना एकाच दाबाला प्रवाह वेगवेगळा मिळतो, कारण भेग ज्या वाटेने मिटते त्याच वाटेने उघडत नाही. परंतु प्रवाह दाबाऐवजी रुंदीशी ताडून पाहिला, तर दोन्ही वाटांवरचे बिंदू एकाच रेषेवर येतात. म्हणजे पारगम्यता रुंदीवरून ठरते आणि त्या प्रयोगांपुरता भेगेचा पूर्वेतिहास तिच्यात डोकावत नाही. खडबडीतपणाचा परिणाम इतकाच, की आदर्श समांतर पाट्यांच्या मानाने प्रवाह थोडा कमी पडतो, आणि तो एका गुणकाने भागून हिशेबात घेता येतो. हा गुणक १.०४ ते १.६५ यांच्या दरम्यान मिळाला. १.६५ हा सर्वांत वाईट आकडा घेतला तरी प्रवाह आदर्शाच्या सुमारे ६० टक्के राहतो, आणि तेवढ्या प्रवाहावरून रुंदी काढली तर ती खऱ्या रुंदीपेक्षा पंधरा टक्क्यांनी कमी येते. एका खडबडीत दगडी भेगेसाठी हे यश मोठे होते आणि तसेच ते स्वीकारले गेले.

मात्र हा निष्कर्ष वाचताना एक गोष्ट डोळ्यांआड होऊ देऊ नये. विस्थापन-मापक भेगेची संपूर्ण रुंदी दाखवत नाहीत, तर फक्त बदल दाखवतात. सर्वोच्च दाबाखाली भेग शक्य तितकी मिटल्यावर जी रुंदी उरते, ती कोणत्याही मापकाने थेट वाचली जात नाही. बर्कलीच्या गटाने ही अवशिष्ट रुंदी प्रवाहाच्या मापनांवरूनच, सर्व बिंदूंशी उत्तम जुळेल अशा रीतीने काढली. भेग चांगली उघडी असते तेव्हा ही भर नगण्य असते आणि घनाचा संबंध खरोखर कसोटीला लागतो. पण भेग जवळजवळ मिटलेली असते, तेव्हा एकूण रुंदीचा मोठा भाग हीच काढलेली भर असते, आणि ती काढण्यासाठी नियमाचाच आधार घेतलेला असतो. त्यामुळे शंभर मायक्रॉनच्या आसपास नियम सिद्ध झाला असे मी निःशंकपणे म्हणेन, पण चार-पाच मायक्रॉनच्या टोकाला तो मापनांशी विसंगत नाही एवढेच म्हणता येते. जमिनीखाली किलोमीटरभर खोल असलेल्या भेगा नेमक्या याच टोकाला असतात, म्हणून हा फरक कागदोपत्री राहत नाही.

एक मीटरचा नमुना

इवाई यांच्या नमुन्यांत भेगेचे क्षेत्रफळ सुमारे ०.०२ चौरस मीटर होते, म्हणजे १५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाएवढे. स्ट्रिपा प्रकल्पात याहून फार मोठा, सुमारे एक मीटर व्यासाचा गाभा ग्रॅनाइटमधून कापून काढला गेला आणि चाचणीसाठी कॅलिफोर्नियात नेला गेला. इतका मोठा आणि भेगा असलेला दगड न मोडता खाणीतून वर आणून समुद्रापार नेणे, हे काम भूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहसा कोणी अंगावर घेत नाही, आणि ते घेतले गेले म्हणूनच पुढचा प्रश्न विचारता आला.

विदरस्पून, अमिक, गेल आणि इवाई यांनी १९७९ मध्ये ०.०२ ते १ चौरस मीटरहून अधिक क्षेत्रफळाच्या तीन नमुन्यांची मापने एकत्र मांडली. १० ते २० मेगापास्कल या सर्वोच्च दाबांखाली भेगेची किमान संवाहकता, म्हणजे पाणी वाहू देण्याची क्षमता, तिन्ही नमुन्यांत सारखी यायला हवी होती. ती आली नाही. नमुना जितका मोठा, तितकी ही किमान संवाहकता जास्त. लहान नमुना सांगत होता की पुरेसा दाब दिला की भेग जवळजवळ बंद होते, आणि मोठा नमुना सांगत होता की ती तेवढी बंद होत नाही. विंधन विवरातून मिळणाऱ्या नेहमीच्या गाभा-नमुन्यांवर विसंबले तर खडकातील प्रवाहाचा अंदाज कित्येक दशपटींनी कमी, म्हणजे धोक्याच्या बाजूने चुकीचा येऊ शकतो, असा इशारा त्यांनी दिला.

याचे कारण समजण्यासारखे आहे. भेगेच्या पृष्ठभागावर लहान खरखरीबरोबर लांब लाटांसारखे चढउतारही असतात. पंधरा सेंटिमीटरच्या तुकड्यात या लांब लाटेचा एक लहानसा भागच येतो, म्हणून दोन्ही कडा एकमेकींत चपखल बसतात. मीटरभराच्या तुकड्यात पूर्ण लाट येते, दोन्ही बाजूंच्या लाटा किंचित सरकलेल्या असल्या तर त्या शिखरांवर टेकतात, आणि मधल्या दऱ्या उघड्या राहतात.

हे स्पष्टीकरण पटण्याजोगे असले तरी ते अंतिम ठरले नाही. रेव्हन आणि गेल यांनी १९८५ मध्ये एका नैसर्गिक भेगेचे, सुमारे १० ते २९ सेंटिमीटर व्यासाचे वेगवेगळे नमुने घेऊन, ३० मेगापास्कलपर्यंत दाब देऊन मोजमाप केले, तेव्हा कल उलटा दिसला. मोठ्या नमुन्यात प्रवाह कमी झाला. त्यामागचा युक्तिवादही तितकाच सबळ आहे. भेगेचे क्षेत्रफळ वाढले की टेकणाऱ्या जागा वाढतात, पाण्याला जास्त वळसे घालावे लागतात आणि एखाद्या मोकळ्या वाटेने थेट आरपार जाण्याची शक्यता कमी होते. १९७९ च्या मांडणीतले तीन नमुने एकाच भेगेचे नव्हते, ते वेगवेगळ्या दगडांतील, वेगवेगळ्या घडणीच्या भेगांचे होते. त्यामुळे आकाराचा परिणाम आणि भेगेच्या स्वभावाचा परिणाम त्यात मिसळले गेले होते. मला या दोहोंत रेव्हन आणि गेल यांची रचना अधिक काटेकोर वाटते, परंतु त्यांचा सर्वांत मोठा नमुनाही तीस सेंटिमीटरच्या आतच होता, आणि मीटरभराच्या लाटेबद्दल तो काही बोलू शकत नाही.

१९८७ मध्ये पायरक-नोल्टी, मायर, कुक आणि विदरस्पून यांनी स्ट्रिपाच्याच ग्रॅनाइटमधील नैसर्गिक भेगा घेतल्या. हे नमुने अगदी लहान, सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचे होते, पण दाब ८५ मेगापास्कलपर्यंत नेला होता. भेग मिटत जाताना प्रवाह घनाच्या कितीतरी पट वेगाने घटतो असे त्यांना आढळले. घातांक तीनऐवजी साडेसात ते दहा यांच्या दरम्यान आला. त्यांनी कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू दाबाखाली भेगेत सोडला, तो गोठल्यावर भेग उघडली आणि कुठे धातू शिरला, कुठे कडा टेकल्या होत्या, याचे चित्र मिळवले. भेग दाबाखाली सर्वत्र सारखी बारीक होत नाही, तर मोकळ्या पोकळ्या राहतात आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद खिंडी आधी बंद होतात, हे त्या चित्रांत दिसले. सरासरी रुंदी थोडीच घटते, पण प्रवाह त्या खिंडींवर अवलंबून असल्यामुळे तो कोसळतो. बर्कलीच्या पहिल्या निष्कर्षाला यामुळे बाध येत नाही, कारण तो ताज्या, एकमेकींत बसणाऱ्या ताण-भेगांसाठी आणि २० मेगापास्कलच्या आत काढलेला होता. त्याची मर्यादा मात्र इथे आखली गेली.

अहवाल वाचणाऱ्यासाठी

या प्रकरणावरून एखाद्या प्रयोगशाळेचा पारगम्यतेचा आकडा वापरण्यापूर्वी काय विचारावे हे बऱ्यापैकी ठरते. भेग नैसर्गिक होती की पाडलेली, नमुन्याचा व्यास किती होता, आकडा कितव्या दाब-फेरीतला (दाब एकदा चढवून उतरवणे म्हणजे एक फेरी) आहे, आणि दिलेली रुंदी मापकावरची आहे की प्रवाहावरून मागे काढलेली, या गोष्टी अहवालात नसतील तर आकड्याच्या दशांश स्थळांना अर्थ उरत नाही. विशेषतः पहिली दाब-फेरी आणि नंतरच्या फेऱ्या यांत मोठा फरक पडतो. जमिनीतून काढताना भेगेवरचा भार जातो, दोन्ही कडा किंचित सरकतात, आणि पहिल्या फेरीत मोजले जाते ते बरेचसे या विस्कळीतपणाचे पुन्हा बसणे असते. म्हणून नमुना दोन-तीन वेळा दाबून, वाचने स्थिरावल्यानंतरचीच मापने हिशेबात घेण्याची पद्धत पडली आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा संबंध रोजचा आहे. राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे, आणि या कातळात विहिरीला पाणी लागते ते मुरमाच्या थरात, दोन लाव्हा-थरांच्या सांध्यात किंवा भेगांत. धरणाच्या पायाची तपासणी करताना इथे प्रयोगशाळेपेक्षा विंधन विवरातील पाण्याच्या दाबाच्या चाचणीवर भर दिला जातो. एका मेगापास्कल दाबाखाली दर मीटर लांबीतून मिनिटाला एक लिटर पाणी खडकात गेले तर ते एक लुजाँ, असे तिचे माप आहे. ती चाचणी भेगेची रुंदी सांगत नाही, पण कित्येक घनमीटर खडकाचे उत्तर एकदम देते, आणि पायात सिमेंटचे द्रावण किती भरावे लागेल हे ठरवायला तेच उत्तर लागते. या कामासाठी ती निवड योग्यच आहे.

कोयनेचे प्रकरण निराळे आहे. शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यानंतर तिथे भूकंप सुरू झाले, डिसेंबर १९६७ मध्ये मोठा विनाशकारी भूकंप झाला, आणि पाणी खोल भेगांपर्यंत कसे पोहोचते हा तेव्हापासूनचा मध्यवर्ती प्रश्न आहे. तो सोडवण्यासाठी परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोलीची गाभा-विवरे घेतली गेली आणि नंतर गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे प्राथमिक विवरही घेतले गेले. बेसाल्टच्या खाली तिथे ग्रॅनाइटसारखा कातळ लागतो. खडकाची सापेक्ष घनता २.७ धरली आणि भेगेतील पाण्याचा दाब वजा केला, तर आडव्या भेगेवरचा परिणामी दाब सव्वा किलोमीटरलाच २० मेगापास्कलच्या पुढे जातो आणि तीन किलोमीटरला ५० मेगापास्कलपर्यंत पोहोचतो. उभ्या भ्रंशावर तो वेगळा असेल, पण त्याच पल्ल्यात. म्हणजे इवाई यांची मापने जिथे थांबली, तिथून कोयनेचा प्रश्न सुरू होतो. अशा नमुन्यांसाठी ताज्या ताण-भेगांचा घन-नियम जसाच्या तसा लावण्यापेक्षा, विवरातून आलेल्या नैसर्गिक भेगा ५० मेगापास्कलपर्यंत, अनेक फेऱ्यांत आणि शक्य तितक्या मोठ्या तुकड्यांवर मोजणे आणि त्याच खोलीवर विवरात केलेल्या चाचणीशी ते आकडे ताडून पाहणे, हाच मार्ग मला विश्वासार्ह वाटतो.